चेनला तेल कोण घालणार?

खंडेनवमी-दसऱ्याला आपल्याकडे हत्यारे, यंत्रे आणि वाहने यांची पूजा होते. मोटार आणि स्कूटर धुऊन-पुसून झाल्या की अंगणातल्या सायकलचीही पाळी येते. हँडलला झेंडूचा हार, मडगार्डला हळदकुंकू, चाकासमोर नारळ. पण सायकलचे चालणे जिच्यावर अवलंबून आहे, त्या चेनकडे त्या दिवशीही कुणी वळून पाहत नाही. काळ्या राडीने माखलेली, सरलेल्या पावसाळ्याचा गंज अंगावर बाळगणारी चेन तशीच राहते. तिला हात लावला तर सणासुदीला हात काळे व्हायचे!

वास्तविक सायकलची खरी पूजा कोणती, तर चेन फडक्याने पुसून तिच्या एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडणे. कुणी म्हणेल, रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन वाचायचा हा विषय आहे का? सायकलच्या दुकानातल्या पोऱ्याने करायच्या कामाची चर्चा पुरवणीच्या पहिल्या पानावर कशाला? पण ही चेन फक्त हौशी सायकलपटूंची नाही. ती गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीची आहे, दूधवाल्याची आणि पेपर टाकणाऱ्या पोराची आहे, हाताने तीनचाकी चालवत बाजारापर्यंत येणाऱ्या दिव्यांग माणसाची आहे. ती अडली की या लोकांचा दिवसच अडतो. म्हणून तिच्या तेलाची गोष्ट जरा सविस्तर बोलण्यासारखी आहे.

सायकलला चेन नव्हती, असाही काळ होता. जुन्या चित्रांत दिसते ती उंचच उंच पुढच्या चाकाची सायकल आठवा. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले. पायाच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी, मग वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नाही. बसणारा इतका उंचावर की पडला तर डोक्यावर. चेनने हा प्रश्न सोडवला. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस गृहस्थांनी १८८० साली बुश आणि रोलर असलेली चेन तयार केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पायडल मध्ये आणि मागच्या चाकाला चेनने फिरवायचे. आज आपण सायकल म्हणतो ती हीच. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकू लागले, आणि सायकल धाडसी तरुणांच्या हातून बायकांच्या, मुलांच्या आणि वृद्धांच्या हाती आली. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर झगडलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ मध्ये, स्त्रीच्या मुक्ततेसाठी सायकलने जगातल्या इतर कशाहूनही अधिक केले, अशा आशयाचे मत मांडले होते. त्या श्रेयातला मोठा वाटा चेनला द्यायला हवा.

ही चेन दिसते साधी, पण तिच्या एकेका सांध्यात बरेच काही असते. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बुश आणि बुशाभोवती फिरणारा रोलर. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. गेल्या अनेक दशकांत सायकलमध्ये एवढे बदल झाले, पण हे अर्ध्या इंचाचे माप कायम राहिले आहे. आपल्या साध्या सायकलच्या चेनमध्ये अशा शंभराच्या वर कड्या असतात.

आता थोडा हिशेब करू. एखाद्या मुलीची शाळा ५ किलोमीटरवर आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि २८ इंची चाक धरले, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. जाऊन-येऊन १० किलोमीटरसाठी १,८०० च्या वर फेऱ्या माराव्या लागतात. ११२ कड्यांची चेन तेवढ्यात ७०० हून अधिक वेळा पूर्ण फिरते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा हलतो. पुढच्या चक्रावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागच्या चक्रावर पुन्हा तेच. म्हणजे चेनचा एकेक सांधा दिवसाला जवळजवळ ३,००० वेळा हलतो, आणि दरवेळी पिन बुशाच्या आत घासली जाते. आपले गुडघे दिवसातून इतके हलले तर आपण डॉक्टरकडे धाव घेऊ. चेन बिचारी फक्त कुरकुरते.

ती कुरकुर म्हणजे तेल संपल्याची तक्रार असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले की पिना आणि बुश झिजू लागतात. ‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांधा केसभर झिजतो आणि त्या झिजेची बेरीज होते. सांध्यामागे एक अष्टमांश मिलिमीटर झीज झाली, तर ११२ कड्यांची चेन दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब होते. मग ती चक्रावर नीट बसत नाही, दात्यांच्या टोकाकडे सरकते आणि दातेही खाऊ लागते. सरळ दाते झिजून आकड्यांसारखे होतात. अशा दात्यांवर नवी चेन टाकली तरी जोर लावताच ती सटकते. म्हणजे तेलाच्या चार थेंबांची कंजुषी शेवटी चेन, फ्रीव्हील आणि पुढचे चक्र अशा तिघांच्या खर्चावर जाते.

चेन किती झिजली, हे पाहायला शाळेतली फूटपट्टी पुरते. पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरावा आणि चोविसावी पुढची पिन पाहावी. ती बरोबर १२ इंचांवर आली तर चेन ठणठणीत. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर नव्या चेनची वेळ आली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर दात्यांचेही नुकसान झाले असण्याचा संभव धरावा.

तेलाने सायकल हलकी चालते, हे सारेच जाणतात. पण यात एक गंमत आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात १९९९ साली सायकलच्या चेनची तपासणी झाली. त्यात पायाने लावलेल्या शक्तीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती चेनमधून मागे पोचते, असे दिसले. इतके कार्यक्षम साधन माणसाने फार थोडे बनवले आहे. पण त्याच प्रयोगात वंगण बदलून किंवा काढून पाहिले, तर कार्यक्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग तेल घालायचे तरी कशाला? उत्तर सोपे आहे. प्रयोगशाळेत धूळ नव्हती आणि आषाढाचा पाऊसही नव्हता. आपल्या रस्त्यांवर दोन्ही आहेत. चेनमधले तेल गंज येऊ देत नाही, पाणी आत शिरू देत नाही आणि पिन-बुशाची झीज कमी करते. आजची सायकल उद्या, परवा आणि पाच वर्षांनीही चालावी, यासाठी ते तेल असते.

आणि नेमके इथेच आपण चुकतो. तेल म्हणजे जितके जास्त तितके चांगले, असा समज आहे. बाटली उपडी करून चेनवर धार धरायची, ती चकचकीत ओली दिसली की समाधान. पण काम करणारे तेल पिन आणि बुशाच्या मधल्या फटीत असते, ते डोळ्यांना दिसत नाही. बाहेर दिसते ते तेल धूळ गोळा करते, आणि धूळ मिसळलेले तेल पॉलिश पेपरासारखे घासू लागते. घरातले खोबरेल किंवा गोडेतेल घालणारेही पुष्कळ आहेत. ही तेले काही दिवसांत चिकट होतात, आणि खोबरेल तर थंडीत गोठते. काही गॅरेजांतून मोटारसायकलचे काढलेले जुने काळे तेल फुकट मिळते म्हणून चेनला लावतात. त्यात धातूचा चुरा असतो, आणि ते वारंवार कातडीला लागणे आरोग्यालाही घातक. ते कटाक्षाने टाळावे.

बरोबर रीत अगदी सोपी आहे. सायकल स्टँडवर लावावी. कोरडे फडके चेनभोवती हलक्या हाताने धरावे आणि दुसऱ्या हाताने पायडल उलटे फिरवावे. फडके काळे होते तितकी चेन स्वच्छ होते. पाच-सात फेऱ्यांत बरीचशी राड निघते. फारच घट्ट बसली असेल तर जुना दात घासायचा ब्रश थोड्या रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून घासावे. हे काम चुलीपासून, शेगडीपासून दूर आणि उघड्यावर करावे. पेट्रोल तर वापरूच नये. चेन पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या कडीत तेल शिरत नाही. मग खालच्या बाजूने जाणाऱ्या चेनच्या वरच्या अंगाला, एकेका रोलरवर एकेक थेंब सोडावा. पुन्हा पायडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे. घाई नसेल तर रात्रभर तसेच ठेवावे. सर्वांत शेवटी स्वच्छ फडक्याने बाहेरचे तेल पुसून काढावे. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, आणि सारी मेहनत धुळीला मिळते.

उन्हाळ्यात शिलाई मशीनचे पातळ तेल चालते, फक्त ते वरचेवर घालावे लागते. पावसाळ्यात थोडे जाड, म्हणजे इंजिनाचे नवे, न वापरलेले तेल बरे. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा एवढे पुरे. भिजलेली सायकल घरी आली की आधी चेन पुसावी. तेल रिमला आणि ब्रेकच्या रबरांना लागू देऊ नये, नाहीतर चेन सुधारेल आणि ब्रेक जातील. आणि एक सूचना घरातल्या लहान मुलांसाठी: पायडल फिरत असताना चेन आणि चक्र यांच्या मध्ये बोट कधीही नेऊ नये. तिथे अडकलेले बोट सोडवताना डॉक्टरांनाही घाम फुटतो.

हे सगळे दहा-पंधरा मिनिटांचे काम. पूर्वी ते आपोआप होत असे, कारण जवळजवळ प्रत्येक पेठेत, नाक्यावर सायकलचे दुकान असे. ‘ओव्हरऑइलिंग’ हा आपल्या दुकानदारांचा लाडका शब्द. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’, पण त्यात तेलाचा वास असल्याने आपण तो आपल्या सोयीने करून घेतला. वर्षातून एकदा सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची, की तिची सगळी हाडे सुटी होऊन, रॉकेलमध्ये न्हाऊन, ग्रीस लावून पुन्हा जुळत. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातही आज असे दुकान शोधावे लागते. दुचाक्या वाढल्या, दुकाने पंक्चरपुरती उरली किंवा मोबाइलची झाली. शहरात निदान शोधले तर सापडते. वाडी-वस्तीवरून शाळेत जाणाऱ्या मुलीने कुठे शोधायचे?

या मुलीचा प्रश्न मोठा आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तिथे हा लाभ अधिक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. सायकल मिळाली की मुलगी शाळेत टिकते, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

पण सायकल देण्याचा समारंभ कसा होतो ते आपण पाहतो. मैदानात सायकलींची रांग, मंडप, पाहुण्यांची भाषणे, किल्ली हातात देतानाचा फोटो. त्या रांगेत तेलाची कुपी दिसत नाही. चेन पडली तर कशी चढवायची, ढिली झाली तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक किती मागे ओढायचे, हे सांगणारे कुणी नसते. चेन मधोमध धरून वर-खाली हलवली तर साधारण अर्धा इंच हलावी, हे एक वाक्यही कुणी बोलत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात चेन गंजते, वाटेत पडते, गणवेशाला काळे डाग पडतात, शाळेला उशीर होतो. दोन-चार वेळा असे झाले की सायकल गोठ्यात जाऊन बसते. पुढे मुलीने शाळा सोडली, तर कारणांच्या रकान्यात ‘चेन’ हा शब्द कुणी लिहीत नाही.

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याचे उदाहरण इथे आठवते. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथे साक्षरतेची मोठी मोहीम झाली, आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला. हजारो बायका सायकलवर बसल्या. अक्षरे आणि सायकल, दोन्ही बाईला दुसऱ्याच्या मदतीवाचून वावरायला शिकवतात, हा त्यामागचा विचार होता. हाच विचार थोडा पुढे नेला पाहिजे. जिला सायकल चालवता येते पण चेन चढवता येत नाही, ती अजूनही निम्मी परावलंबी आहे. आपल्या घरांतून मुलाच्या हाती पाना जातो आणि मुलीला ‘दादा करून देईल’ असे सांगितले जाते. दादा घरी नसला की सायकलही घरीच.

तीनचाकी सायकलचे दुखणे याहून अवघड आहे. पायांनी चालता न येणाऱ्यांसाठी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली शासन देते. केंद्राची त्यासाठीची योजना १९८१ पासूनची आहे, आणि कानपूरला १९७२ साली स्थापन झालेला सरकारी कारखाना अशी साधने बनवतो. या गाडीत छातीच्या उंचीवर असलेल्या हँडलपासून खालच्या चाकापर्यंत चेन जाते. पुष्कळदा ती उघडीच असते, शिवाय चाकांनी उडवलेली धूळ आणि चिखल तिच्यावर येतो. पायाच्या मानाने हाताची ताकद कमी, म्हणून गंजलेल्या चेनचा जडपणा खांद्याला फार जाणवतो. साध्या सायकलची चेन पडली तर माणूस उतरतो, चेन चढवतो, नाहीतर सायकल हातात धरून चालत घरी येतो. तीनचाकीवाल्याला उतरता येत नाही. खाली वाकून चेनपर्यंत हात पोचवणेही त्याला कठीण. भर रस्त्यात चेन पडली, की कुणी थांबेपर्यंत वाट पाहत बसणे एवढेच त्याच्या हाती उरते. ज्याने सर्वांत आधी तेल घातले पाहिजे, त्यालाच ते घालता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे आहे. जिथे जिथे सायकल किंवा तीनचाकी वाटली जाते, तिथे तिच्याबरोबर एक तेलाची कुपी, एक ब्रश, एक पाना आणि तासाभराचा धडा द्यावा. सायकलच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करून झाली असतील, तर एक तास चेनला द्यावा, आणि मुलींना मागे उभे न करता त्यांच्याच हाती फडके द्यावे. तीनचाक्या ज्या कार्यालयामार्फत दिल्या जातात, त्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तालुक्याच्या गावी एकेक दिवस तेल घालण्याचा ठेवावा. हे जमत नसेल तर गावातली तरुण मंडळे आहेतच. गणपतीच्या मांडवात वर्गणीतून इतके काही होते. गावातल्या पाच-सात तीनचाक्यांच्या चेना त्यात पुसून होतील.

यावर आक्षेप येतील. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी सरकार आणि समाज कशाला? लोकांनी आपले आपण पाहावे. बरोबर आहे, पण पाहायचे कसे हे आधी कुणीतरी दाखवावे लागते. दूधवाला आणि पेपरवाला चेनला नियमाने तेल घालतात, कारण जुन्या माणसाने त्यांना ते दाखवलेले असते. दुसरा आक्षेप असा की, आजकाल दुरुस्ती परवडत नाही, मोडले की नवे घ्यावे. हा हिशेब ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, त्याच्यापुरता खरा आहे. आठवीतल्या मुलीला योजनेतून सायकल एकदाच मिळते. ती बारावीपर्यंत चालली पाहिजे.

आपल्याकडे नवी वस्तू देणाऱ्याचे नाव फलकावर लागते. ती चालती ठेवणाऱ्याचे नाव कुठेच लागत नाही. रस्ता बांधणाऱ्याचे उद्घाटन होते, खड्डा बुजवणाऱ्याचे होत नाही. सार्वजनिक नळ, शाळेतली घंटा, दवाखान्यातली खुर्ची, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. चेन हे त्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपे उदाहरण. इथे देखभालीला तज्ज्ञ लागत नाही, निविदा लागत नाही, मंजुरी लागत नाही. इतके सोपे कामही आपल्याकडून होत नसेल, तर मोठ्या गोष्टींच्या देखभालीच्या गप्पा कुणी माराव्यात?

आज रविवार आहे. जिन्याखाली किंवा गॅलरीत सायकल असेलच. घरातल्या मुलीला हाक मारा. एक जुने फडके आणि मशीनच्या तेलाची कुपी तिच्या हातात द्या आणि पायडल तुम्ही फिरवा. आणि गल्लीत कुणाची तीनचाकी उभी असेल, तर त्या गृहस्थांना विचारून तिची चेनही पुसून द्या. हात काळे होतील. साबणाने ते दोन मिनिटांत निघते.